पुण्याचा वॉर्डनिहाय असुरक्षितता निर्देशांक: उत्तर उलटं का येतंय?

आंबिल_काठ यांचा प्रश्न

नमस्कार. पुणे महापालिका हद्दीसाठी सामाजिक असुरक्षिततेचा वॉर्डनिहाय निर्देशांक करायचं काम हाती आहे. एका लहान संस्थेला पावसाळ्याआधी कोणत्या वस्त्यांत आधी जायचं हे त्यावरून ठरवायचं आहे, त्यामुळे क्रम चुकून चालणार नाही.

पद्धत सुझन कटर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या सोव्हीवर (सोशल व्हल्नरेबिलिटी इंडेक्स, म्हणजे सामाजिक असुरक्षितता निर्देशांक) बेतली आहे. २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा आणि घरयादीचे तक्ते वॉर्ड पातळीवर घेतले. एकूण ३८ चल (म्हणजे मोजायच्या बाबी). सगळ्यांचे झेड-स्कोअर (सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर) काढले, मुख्य घटक विश्लेषण (पुढे पीसीए म्हणते; अनेक चल थोड्या घटकांत गोळा करणारी पद्धत) केलं, घटकांचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून ते व्हॅरिमॅक्स पद्धतीने फिरवले, आयगेनव्हॅल्यू (घटकाने किती फरक टिपला याचं माप) १ च्या वर असलेले घटक ठेवले आणि त्यांची बेरीज केली. नदीपासूनचं अंतर हाही एक चल आहे.

आता अडचण अशी की बंगल्यांचा एक वॉर्ड वरच्या पाचांत आला आणि नदी-ओढ्याकाठच्या वस्त्या ज्यांत आहेत ते दोन-तीन वॉर्ड मधल्या गटात. हे नकाशावर टाकून कुणाला दाखवायची हिंमत होत नाही. चूक पद्धतीत आहे की माहितीत? आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराशी हे ताडून बघायचं तर कसं?

आकडेमोड

पद्धतीकडे नंतर येऊ. आधी कच्च्या फायली उघडा. लक्षणांवरून तीन चुका दिसतात आणि तिन्ही पीसीए सुरू होण्याआधीच्या आहेत.

पहिली: प्राथमिक गोषवाऱ्यात आकडे संख्येत असतात (इतके निरक्षर, इतके सीमांतिक कामगार). घरयादीच्या तक्त्यांत ते टक्क्यांत असतात. दोन्ही फायली तशाच जोडल्या की संख्येतले सगळे चल एका घटकात गोळा होतात आणि तो घटक फक्त ‘वॉर्ड किती मोठा’ एवढंच सांगतो. पहिल्या घटकाचे भार (कुठला चल त्या घटकाशी किती जोडलेला आहे ते आकडे) बघा. एकूण लोकसंख्या, स्त्रिया, साक्षर, निरक्षर, कामगार या सगळ्यांचे भार ०.८ च्या वर असतील तर हेच झालंय. साक्षर आणि निरक्षर एकाच दिशेला जात असतील तर शंकेला जागाच नाही.

दुसरी: निरक्षरतेचा छेद. जनगणनेत ७ वर्षांखालची सगळी मुलं निरक्षरांच्या रकान्यात धरलेली असतात. समजा वॉर्डात २०,००० लोक, त्यांत ० ते ६ वयाची २,४०० मुलं, आणि निरक्षरांचा रकाना ४,४०० दाखवतो. सरळ भागाकार केला तर २२ टक्के येतात. खरं गणित (४,४०० − २,४००) ÷ (२०,००० − २,४००), म्हणजे ११.४ टक्के. फरक दुप्पट आहे, आणि तो सगळ्या वॉर्डांत सारखा नाही. जिथे तरुण कुटुंबं जास्त तिथे चूक जास्त.

तिसरी: चिन्ह. पीसीए घटकाला कुठलं चिन्ह देईल याला काही अर्थ नसतो. आज अधिक येईल, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उणे. एका घटकावर ‘संगणक आहे’, ‘चारचाकी आहे’, ‘बँक खातं आहे’ यांचे भार अधिक असतील तर तो घटक सुबत्तेचा आहे. तो तसाच बेरजेत गेला की श्रीमंत वॉर्ड असुरक्षित ठरतो. तुमचा बंगल्यांचा वॉर्ड बहुतेक असाच वर चढला असणार. फिरवल्यानंतर प्रत्येक घटकाला नाव द्या, त्याची किंमत वाढली की असुरक्षितता वाढते की घटते हे लिहा आणि घटत असेल तर −१ ने गुणा. नाव देता येत नसेल तर तो घटक बेरजेत घेऊ नका.

आता चलांच्या संख्येबद्दल. मूळ सोव्हीत ४२ चलांतून ११ घटक निघाले, पण एकक होतं अमेरिकेतली काउंटी, आणि त्या तीन हजारांहून जास्त होत्या. तुमच्याकडे वॉर्ड दीडशेसुद्धा नाहीत. ३८ चलांना ते पुरत नाहीत. १२ ते १५ वर या. छाटताना आधी जोड्या शोधा. ‘पाणी घरात’, ‘घराजवळ’ आणि ‘दूर’ या तिन्हींची बेरीज १०० होते. तिन्ही ठेवलेत तर सहसंबंधाच्या मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही आणि केएमओ चाचणी (माहिती पीसीएला योग्य आहे का हे सांगणारी) एक तर चालत नाही किंवा भलतंच उत्तर देते. एकच ठेवा, ‘दूर’. शहरी भागात ‘दूर’ म्हणजे १०० मीटरच्या पलीकडे. ग्रामीण भागात तीच मर्यादा ५०० मीटर आहे. हा फरक पुढे लागेल, कारण महापालिका हद्दीत नव्याने आलेली गावं २०११ मध्ये ग्रामीण होती.

केएमओ ०.६ च्या खाली आला तर पीसीएचा हट्ट सोडा. विषयवार चार गट (घर, उपजीविका, कुटुंबरचना, सेवा) करून गटांची सरासरी घेणं हा तितकाच मान्य मार्ग आहे, आणि संस्थेतल्या लोकांना समजावून सांगायला कितीतरी सोपा.

येरवडा_पूल

वरच्यात एक भर. टोकाचे वॉर्ड आधी बाजूला काढून बघा. येरवडा कारागृह ज्या वॉर्डात येतं तिथलं स्त्री-पुरुष प्रमाण, आणि मोठी वसतिगृहं असलेल्या वॉर्डांतलं मुलांचं प्रमाण, हे संस्थांमुळे बिघडलेलं असतं. घरयादीच्या तक्त्यांत संस्थात्मक कुटुंबं धरत नाहीत, गोषवाऱ्यात धरतात, म्हणजे एकाच वॉर्डाचे दोन छेद वेगळे. झेड-स्कोअरला असा एक वॉर्डही बाकीच्यांना ओढायला पुरतो. प्रत्येक चल ५ व्या आणि ९५ व्या शतमानकाला कापून घ्या, म्हणजे त्यापलीकडच्या किमती त्या मर्यादेवरच आणून ठेवा.

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट जनगणनेत स्वतंत्र शहरं आहेत. तिथे नकाशात भोक दिसेल. ते शेजारच्या वॉर्डांच्या सरासरीने बुजवू नका.

माळवद

चिन्हं दुरुस्त केलीत तरी एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते तोच मुख्य आहे: असुरक्षित, पण कशापासून? हे न ठरवता चलांच्या दिशा ठरवताच येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. पहाटे चारच्या सुमाराला लोक घरात झोपलेले होते. मृत्यू हजारोंनी झाले ते दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडांवर मातीचा जड थर असलेल्या माळवदाच्या घरांत. कुडाच्या भिंती आणि गवती छप्पर असलेल्या झोपड्या बऱ्याच अंशी वाचल्या. म्हणजे गवत-बांबूचं हलकं छप्पर तुम्ही डोळे झाकून अधिक असुरक्षिततेकडे टाकाल, पण भूकंपासाठी ते उलट जातं. वादळ, पाऊस आणि आगीसाठी मात्र ते सरळ जातं. पत्र्याचंही तसंच: उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणं हा मोठा धोका, भूकंपात हलकं छप्पर हा फायदा. शिवाय जनगणनेत लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा पत्रा एकाच रकान्यात आहेत. पुरात छपरापेक्षा जोत्याची उंची आणि वर चढायला पोटमाळा आहे का हे महत्त्वाचं, आणि ते जनगणनेत नाहीच.

तुमचा प्रश्न पुराचा आहे. तर फक्त पुरासाठी निर्देशांक करा आणि शीर्षकात तसं लिहा. ‘सर्व आपत्तींसाठी’ म्हणून केलेली बेरीज कुठल्याच आपत्तीला नीट लागू पडत नाही.

नदीपासूनचं अंतर आजच काढून टाका. ते ‘पाणी कुठे येईल’ याचं माप आहे, ‘पाणी आल्यावर कोण सावरेल’ याचं नाही. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०१४ च्या मांडणीत जोखीम ही धोका, संपर्क (धोक्याच्या वाटेत कोण आणि काय आहे) आणि असुरक्षितता या तिघांतून येते, आणि तिघं वेगळे मोजायचे. अंतर आत ठेवलंत तर नदीकाठचा सधन सोसायट्यांचा वॉर्ड वर येतो आणि ओढ्याकाठची वस्ती खाली जाते, कारण ती मुठेपासून दोन किलोमीटरवर असते. २०१९ ला पाणी आंबिल ओढ्याने आणलं होतं, कात्रजकडून खाली. मुळा-मुठेच्या निळ्या (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा) पूररेषा त्या ओढ्याला लागू पडत नाहीत. ओढ्यांचा थर वेगळा करा. ३० मीटरच्या उपग्रही उंची-नकाशात काही मीटर रुंदीचा ओढा दिसत नाही, त्यामुळे प्रवाहरेषा विकास आराखड्यावरून आणि जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून हाताने काढाव्या लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बुजवलेला किंवा वळवलेला ओढा फक्त जुन्या नकाशातच सापडतो.

परदेशी यादीतून आलेले आणखी दोन चल तपासा. ‘गाडी नाही’ हा चल तिकडे शंभर किलोमीटर दूर पळून जाण्यासाठी आहे. इथे दोनशे मीटरवरच्या शाळेत जायचं असतं, त्यामुळे गाडी हे फक्त सुबत्तेचं माप उरतं आणि सुबत्ता तुम्ही आधीच मोजली आहे. दुसरा ‘भाड्याचं घर’. बाणेर-बालेवाडीत भाडेकरू म्हणजे बरेचदा कंपनीत नोकरी करणारं जोडपं. कसब्यात-शनिवारात भाडेकरू म्हणजे जुन्या भाड्यावर मोडकळलेल्या वाड्यात राहणारं कुटुंब, ज्याची दुरुस्ती मालकही करत नाही आणि त्यालाही करता येत नाही. वस्तीतला भाडेकरू तिसराच: पंचनाम्याच्या वेळी कागद घरमालकाच्या नावावर. एकच रकाना आणि तीन अर्थ. ‘भाड्याचं आणि मोडकळलेलं’ असा जोडतक्ता वॉर्ड पातळीवर मिळत नाही, तेव्हा ‘भाडं’ वगळून ‘घराची अवस्था: मोडकळीला आलेलं’ एवढंच ठेवा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, ती यादी मिळाली तर उत्तम.

आंबिल_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या घटकावर साक्षर-निरक्षर दोन्ही एकाच बाजूला होते, आकडेमोड म्हणाले तसंच. टक्केवारी केली, छेद सुधारला, अंतर काढलं, १४ चलांवर आले. बंगल्यांचा वॉर्ड खाली गेला.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. एक, पर्वतीच्या उतारावर वस्ती आणि पायथ्याशी सोसायट्या, अशा वॉर्डाचा आकडा अजूनही ‘मध्यम’ येतो. दोन, घटकांना वजनं काय द्यायची? काहींनी तज्ज्ञांना विचारून द्या म्हटलं.

हद्द_आणि_गट

मध्यम येणारच. वॉर्डाची सरासरी ही त्या वॉर्डातल्या कुणाचीच स्थिती नसते. अर्धी कुटुंबं घरात नळ असलेली आणि अर्धी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेतली, तर सरासरी निघते ती दोघांपैकी एकाचीही नाही. वॉर्डाचे आकडे कितीही परिष्कृत केलेत तरी हे सुटत नाही. एककच लहान करावं लागतं.

प्रगणक गटाचे (जनगणनेत एका प्रगणकाला नेमून दिलेल्या छोट्या भागाचे) आकडे खुले नाहीत. मग दोन पायऱ्यांत काम करा. वॉर्डाचा निर्देशांक फक्त चाळणी म्हणून वापरा आणि त्यात एक नियम ठेवा: ज्या वॉर्डात झोपडपट्टीचा कुठलाही तुकडा पूरपट्ट्यात येतो तो वॉर्ड सरासरी कितीही चांगली असली तरी चाळणीतून बाहेर जाऊ द्यायचा नाही. इमारतींच्या बाह्यरेषा (गूगलच्या खुल्या इमारती-संचात भारत आहे) क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) टाका. २५-३० चौरस मीटरच्या आतल्या, एकमेकींना चिकटलेल्या आकृत्यांचे पुंजके वेगळे काढले की वस्त्यांची हद्द बऱ्यापैकी मिळते. दाट पत्र्याखाली पाच-सहा घरं एकच इमारत म्हणून दिसतात, म्हणून घरं मोजायला हा थर वापरू नका, हद्दीसाठीच वापरा.

दुसऱ्या पायरीत प्रत्यक्ष घरी जा. लांब प्रश्नावली नको. एवढं विचारा:

जोत्याची उंची (टेपने मोजून). पोटमाळा किंवा वरचा मजला आहे का. रात्री घरात एकट्याने न चालू शकणारं कुणी आहे का: म्हातारं, अपंग, तान्हं मूल. एक दिवस कामावर गेलं नाही तर पैसे कापले जातात का. रेशनकार्ड आहे का आणि कुठल्या पत्त्यावर. महत्त्वाचे कागद घरात कुठे, किती उंचीवर. खडकवासल्याचा विसर्ग वाढला किंवा ओढ्याला पाणी आलं हे मागच्या वेळी कुणाकडून आणि किती आधी कळलं.

रेशनकार्डाच्या पत्त्याचा प्रश्न वगळू नका. कार्ड गावच्या पत्त्यावर असलेलं कुटुंब इथे मदतीच्या यादीत शेवटी येतं, आणि जनगणनेच्या कुठल्याच रकान्यात ते दिसत नाही.

६० वर्षांवरील लोकांचा आकडा वॉर्डनिहाय जनगणनेत नाही. मतदार यादीत वय असतं. यादीभागानुसार फक्त एकूण संख्या मोजा, नावं उतरवून घेऊ नका. मात्र गावाकडे नाव असलेले आणि स्थलांतरित त्यात नसतात, तेव्हा हा आकडा वस्त्यांत कमीच येईल.

हद्दींबाबत सावध. २०१२ च्या निवडणुकीला दोन सदस्यांचे प्रभाग झाले, २०१७ ला ४१ प्रभाग. जनगणनेचे वॉर्ड त्याआधीचे. नावं सारखी दिसली म्हणून जोडू नका, हद्दीच्या आकृत्या एकावर एक ठेवूनच जोडा. २०१७ मध्ये आलेली ११ आणि २०२१ मध्ये आलेली २३ गावं २०११ च्या फाइलमध्ये हवेली आणि मुळशी तालुक्यांत सापडतील, पण तिथली वस्ती तेव्हापासून इतकी वाढली आहे की तो आकडा ‘आज’ म्हणून छापणं चूक. त्यांना वेगळ्या रंगाने दाखवा. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिची वाट बघत काम थांबवण्यात अर्थ नाही.

आकडेमोड

वजनांबद्दल. तज्ज्ञांना विचारून दिलेली वजनं बहुतेक वेळा समान वजनांच्या आसपासच येतात, आणि दोन बैठकी त्यातच जातात. समान वजनांनी सुरुवात करा आणि मग ती हलवून बघा. आर किंवा पायथनमध्ये १,००० फेऱ्या करा. प्रत्येक फेरीत वजनं यादृच्छिक घ्या, झेड-स्कोअर की किमान-कमाल (सर्वांत लहान ते सर्वांत मोठी किंमत अशी मोजपट्टी) हेही बदला, एखादा चल वगळा. दर फेरीला वॉर्डाचा क्रम नोंदवा. शेवटी प्रत्येक वॉर्डासमोर एकच आकडा लिहा: १,००० पैकी किती वेळा तो वरच्या पाचव्या हिश्श्यात आला. ९०० च्या वर असलेले वॉर्ड निःशंक. ४०० ते ६०० वाले घासाघाशीचे. तिथे निर्णय निर्देशांकावर सोडू नका, जाऊन बघा.

बेरीज की गुणाकार हे मात्र वजनांपेक्षा जास्त महत्त्वाचं. बेरजेत चांगलं बँकिंग मोडक्या घराची भरपाई करतं. पुरात ते घडत नाही: भिंत पडते तेव्हा खातेपुस्तक आड येत नाही. भूमितीय सरासरीत (आकडे गुणून काढलेल्या) एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूने पूर्ण झाकली जात नाही. मानव विकास निर्देशांकही २०१० पासून तशीच सरासरी घेतो. इथे दोन खबरदाऱ्या. मोजपट्टी ० पासून सुरू करू नका, १ ते १० ठेवा, नाहीतर एका शून्याने सगळा गुणाकार शून्य होतो. आणि ही सरासरी लहान आकड्याकडे झुकते, म्हणून मोजपट्टी ‘क्षमता’ अशी ठेवा, १० म्हणजे उत्तम. सरासरी काढून झाल्यावर ती उलटी करा.

आणखी एक: झेड-स्कोअरवरचा आकडा या शहरापुरताच असतो. पिंपरी-चिंचवडचा वेगळा काढून शेजारी ठेवला तर तुलना होत नाही. तुलना हवी असेल तर दोन्ही शहरांचे वॉर्ड एकत्र करून सरासरी आणि प्रमाण विचलन एकच घ्यायचं.

पंचनामा

२०१९ शी ताडण्याबद्दल. पंचनाम्यांची एकूण संख्या वॉर्डाच्या निर्देशांकाशी जोडू नका. जिथे जास्त घरं बुडाली तिथे पंचनामे जास्त, एवढंच त्यातून कळेल. आधी पाणी कुठवर पोहोचलं ती हद्द आखा, तिच्यातली घरं मोजा आणि ‘दर १०० बाधित घरांमागे’ असं प्रमाण काढा. मग स्पिअरमन सहसंबंध (दोन क्रम किती जुळतात हे सांगणारा) काढा.

नुकसान रुपयांत मोजाल तर निर्देशांक खोटा ठरेल. तळमजल्यावरचा फ्रिज, सोफा आणि चारचाकी बुडाली की रुपयांचा आकडा सोसायटीचा मोठा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. ती मध्यमवर्गीय सोसायट्यांची वस्ती. तिथलं नुकसान खरं आहे आणि मोठं आहे, पण तुमचा निर्देशांक विचारतो तो प्रश्न वेगळा: किती दिवसांत घर पुन्हा उभं राहिलं, कामावर कधी गेले, कर्ज कुणाकडून काढलं, मुलं शाळेत कधी परतली. पडताळणीसाठी हीच मापं घ्या. पंचनाम्यात ती नसतात, घरोघरच्या प्रश्नांतूनच मिळतात.

पंचनामा स्वतःही एका बाजूला झुकलेला असतो. कागद नसलेलं कुटुंब आणि पोटभाडेकरू त्यात कमी दिसतात. म्हणजे जिथे असुरक्षितता सर्वांत जास्त तिथेच नोंद सर्वांत कमी. सहसंबंध कमकुवत आला तर निर्देशांक फेकून देण्याआधी हे तपासा.

१२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पडताळणीला घेऊ नका. तो धरण फुटून आलेला, आणि तेव्हाची घरं आणि माणसं आजच्या वॉर्डांत बसत नाहीत.

आंबिल_काठ

शेवटचं विचारते. जोत्याची उंची कुठून मोजायची? पुढच्या आठवड्यात मुलं टेप घेऊन निघतील.

हद्द_आणि_गट

आतल्या फरशीपासून, दारासमोरच्या रस्त्याच्या मध्यापर्यंत. उंबरा धरू नका, तो बरेचदा नंतर पाणी अडवायला उंच केलेला असतो. त्याची उंची वेगळी लिहा. सोबत भिंतीवर मागच्या पुराची खूण असेल तर फरशीपासून तिची उंची, आणि खूण रंगवून गेली असेल तर घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारून. काँक्रिटीकरणाने रस्ते वर आलेत, त्यामुळे बऱ्याच घरांची फरशी रस्त्याच्या खाली सापडेल. तिथे आकडा उणे येईल. तो उणेच लिहायला सांगा, शून्य नाही.